वरातीमागून आलेली तपासणी

विज्ञानाला लगाम नको म्हणणाऱ्यांचा आवडता दाखला एच५एन१चा. २०११ साली रॉटरडॅमचे रॉन फूशिए आणि विस्कॉन्सिनचे योशिहिरो कावाओका यांच्या गटांनी, वेगवेगळ्या वाटांनी, बर्ड फ्लूच्या या विषाणूची अशी रूपे घडवली की ती फेरेट या मुंगसासारख्या प्राण्यांत हवेतून पसरू लागली. नवापूरच्या पोल्ट्री फार्मांवर २००६ मध्ये आलेली साथ एच५एन१चीच. माणसाला हा फ्लू क्वचित होतो. पण २०११ पर्यंत नोंदलेल्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक दगावले होते.

अमेरिकेच्या जैवसुरक्षा सल्लागार मंडळाने डिसेंबर २०११ मध्ये या प्रयोगांवरच्या लेखांतले तपशील गाळायला सांगितले. मार्च २०१२ मध्ये सुधारित मसुदे पाहून तेच मंडळ प्रकाशनाकडे झुकले. फूशिएंच्या लेखावर मते १२ विरुद्ध ६ अशी फुटली. दोन्ही लेख त्याच वर्षी छापून आले.

‘मग कुठे आकाश कोसळले?’ असे विचारले जाते. अपघात झाला नाही म्हणून ब्रेक अनावश्यक ठरवण्याचाच हा प्रकार.

दुसरा युक्तिवाद वजनदार आहे: कोणते बदल घातक हे कळले, तर पाळत ठेवता येते. खरेच, पक्ष्यांच्या नमुन्यांत अशा खुणा पुढे शोधल्या गेल्या. अशा प्रयोगांमुळे लस बनवता येते, हा दावा मात्र सैल आहे. एच५एन१वरची पहिली लस अमेरिकेने २००७ मध्येच मंजूर केली होती. आणि ‘प्रयोगशाळा अभेद्य असतात’? १९७८ मध्ये बर्मिंगहॅमला देवीने मेलेली छायाचित्रकार महिला देवीच्या प्रयोगशाळेच्याच इमारतीत काम करत होती. २०१४ मध्ये अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेने सौम्य फ्लूचा म्हणून पाठवलेल्या नमुन्यात एच५एन१ निघाला.

सरसकट बंदीही नको. ऑक्टोबर २०१४ मध्ये अमेरिकेने अशा संशोधनाचा निधी रोखला, तेव्हा मर्स या श्वसनरोगावरचे उंदरांतले कामही अडकले आणि नंतर सूट द्यावी लागली.

खरा घोटाळा वेळेचा आहे. एच५एन१च्या दोन्ही प्रयोगांना अमेरिकी सरकारी पैसा होता, पण धोक्याचा गंभीर विचार सुरू झाला तो लेख छपाईच्या उंबरठ्यावर आल्यावर. विषाणू तर केव्हाच तयार झाला होता. ओळी गाळून तो नाहीसा होणार नव्हता. अमेरिकेच्या २०१७ च्या चौकटीने तपासणी निधीआधी आणली खरी, पण पैसा देणारे आणि तपासणारे खाते एकच होते, शिवाय परीक्षकांची नावे गुप्त होती!

पुण्याच्या एनआयव्ही या विषाणू संस्थेत सर्वोच्च सुरक्षास्तराची प्रयोगशाळा आहे, म्हणजे प्रश्न आपलाही आहे. संहारक अस्त्रांविषयीच्या २००५ च्या आपल्या कायद्याचा रोख ती अस्त्रे आणि त्यांचे हस्तांतर यांवर आहे, अशा प्रयोगांच्या तपासणीवर नाही. धोकादायक प्रयोगाला होकार निधी देण्याआधीच, पैसा न देणाऱ्या स्वतंत्र मंडळाने द्यावा आणि त्यामागची कारणे संसदेपुढे ठेवावीत, एवढी तरतूद सरकारने करावी.