माळीनगरची जकात आणि आमची उधारी

प्रति,
मा. महाव्यवस्थापक,
जिल्हा उद्योग केंद्र, सोलापूर

महोदय,

मागे एका शिबिरात वक्त्यांनी टेंभुर्णीच्या पोरांना सांगितलं, ‘मंदी हीच संधी.’ टाळ्या पडल्या. माझ्या शेजारच्या पोरानं वहीच्या पानावर हिशेब मांडला होता : शेडचं भाडं, वेल्डिंग मशीन, लाइट बिल, हप्ता. येणे बाजूला एकच ओळ, तीही उधारीची. म्हणून हे पत्र.

मंदीत उभ्या राहिलेल्या धंद्याचा दाखला द्यायला अमेरिकेत जावं लागत नाही. टेंभुर्णीहून अकलूजच्या रस्त्याला लागलं की माळीनगर येतं. सासवडकडून आलेल्या माळी बागायतदारांनी १९३२ मध्ये तिथं स्वतःची साखर कारखाना कंपनी काढली. जगभर मंदी, गुळाचे भाव कोसळलेले. दोनच वर्षांत चंद्रशेखर आगाशे यांनी बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेट काढलं, त्याचा कारखाना जवळच श्रीपूरला. नीरा नदीच्या उत्तरेला वालचंदनगर, तेही त्याच सुमाराचं. एका पट्ट्यात तीन कारखाने, ते पण असल्या काळात!

पण वक्ते इथंच थांबतात. भाटघर धरणाचं पाणी नीरेच्या कालव्यांतून आधीच शेतात पोचलं होतं. ऊस उभा होता, गूळ करून परवडत नव्हता. त्यातच १९३२ च्या कायद्यानं जावाहून येणाऱ्या साखरेवर जबर जकात बसली. देशात तोवर तीसेक कारखाने होते, ते चार वर्षांत शंभरावर गेले. म्हणजे माल हातात होता, गिऱ्हाईक देशभर होतं आणि परका स्पर्धक सरकारनं दाराबाहेर उभा केला होता. नुसत्या छातीवर कोणी कारखाना काढला नाही. पोरांना माळीनगर जरूर सांगा, पण जकातीसकट सांगा.

आमच्याकडची मंदी पेपरातल्या मंदीसारखी नसते. २०२४ च्या उन्हाळ्यात उजनी धरण उणे पातळीत खोल गेलं, तेव्हा शेअर बाजार तेजीत होता आणि टेंभुर्णीच्या बाजारात शुकशुकाट. ऊस गेल्यावर चौदा दिवसांत बिल द्यावं असा नियम आहे. ते लांबलं की हार्डवेअरवाल्यापासून चहावाल्यापर्यंत एकच वाक्य फिरतं : ‘कारखान्याचं बिल आलं की देतो.’ माझ्या खतावणीत या वाक्याची पानंच्या पानं आहेत.

मी ऊस ट्रॉलीचं वर्कशॉप काढलं ते असल्याच एका पडत्या वर्षी. फायदा झाला नाही असं कसं म्हणू? बंद पडलेल्या एका कारखानदाराचा लेथ निम्म्या किमतीत मिळाला. चांगल्या वर्षी जो मला परवडला नसता असा कारागीर स्वतः दारात आला. नवी ट्रॉली कोणी सांगत नव्हतं, पण जुनीचा पत्रा बदलायला, हूक जोडायला रांग होती; हात आखडला की माणूस दुरुस्तीवर येतो. काम भरपूर, गल्ला रिकामा. पहिलं वर्ष निभावलं ते दोन म्हशींमुळं. दुधाचं बिल दर दहा दिवसांनी यायचं आणि मंडळींनी ते सरळ हप्त्याला लावलं. प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये म्हशींचा रकाना नव्हता.

तेव्हा विनंती अशी. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमाची फाइल पुढं पाठवताना तिसऱ्या वर्षीच्या नफ्याचा आकडा बाजूला ठेवून पोराला विचारा : रोख देणारी गिऱ्हाइकं किती? उधारी थकली तर घर किती महिने चालेल? अनुदान तीन वर्षं बँकेत अडकून राहतं, खर्चायला हातात येत नाही, हेही पहिल्याच दिवशी सांगा. पोरं त्यावर लग्नाच्या तारखा धरतात. आणि बँकांच्या जिल्हा बैठकीत एक विषय मांडा. आमचा पैसा गाळपाच्या हंगामात आणि त्यामागून येतो, पावसाळ्यात येत नाही. हप्ते डिसेंबर ते मे मोठे ठेवा, जून ते नोव्हेंबर नावापुरते. पीककर्जाला हंगाम कळतो, मग ट्रॉलीवाल्याच्या कर्जाला का कळू नये?

वहीत हिशेब मांडणाऱ्या त्या पोरानं अजून शेड घेतलेली नाही. सध्या माझ्याकडंच वेल्डिंग करतो आणि संध्याकाळी माझी खतावणी वाचत बसतो.

आपला,
टेंभुर्णीचा एक वर्कशॉपवाला