पंख फुटलेल्या गाड्या

वारा म्हणजे काय, हे किनाऱ्यावरच्या माणसाला शिकवावे लागत नाही. आमच्या उत्तनला बोटींना यंत्रे बसली, डिझेल आले, तरी बंदरातून बाहेर पडण्यापूर्वी तांडेल आधी आभाळाकडे बघतो आणि मग यंत्राकडे. शहरी माणसाला मात्र वाऱ्याची आठवण होते ती घरातला पंखा बंद पडल्यावर. हाच वारा आता तरुण मुलांच्या बोलण्यात भलत्याच वाटेने शिरला आहे. निमित्त आहे महागड्या, वेगवान मोटारींच्या पाठीवर बसवलेल्या आणि वेग वाढला की आपोआप उठणाऱ्या पंखाचे. त्याला स्पॉयलर म्हणतात.

रविवारी सकाळी भाईंदरहून उत्तनकडे येणाऱ्या रस्त्यावर अशी एखादी गाडी दिसते. आमच्या गल्लीतली मुले तिच्याकडे डोळे लावून बसतात. "काका, स्पॉयलर वर आला ना, की गाडी रस्त्याला चिकटते," असे त्यांच्यातल्या एकाने मला मोठ्या अभिमानाने सांगितले. वाक्य खरे आहे, पण अर्धे. उरलेले अर्धे कोणी सांगत नाही, आणि सध्या माणसे मरतात ती त्या उरलेल्या अर्ध्यात.

आधी खरा अर्धा भाग पाहू. मोटारीची पाठ वरून बाकदार आणि खालून सपाट असते, म्हणजे थोडीफार विमानाच्या पंखासारखी. वेगात जाताना वारा तिला वर उचलू पाहतो. गाडी काही उडत नाही, पण मागच्या चाकांवरचा भार हलका होतो. भार हलका झाला की टायरची रस्त्यावरची पकड सुटू लागते. अशा वेळी चालकाने एकदम लेन बदलली, किंवा वळणावर ब्रेक दाबला, तर पुढची चाके वळतात आणि मागचा भाग बाहेर फेकला जातो. आमच्याकडच्या कोणाही दर्यावर्दीला हे चटकन समजेल. मागून आलेल्या लाटेने बोटीची मागची बाजू उचलली की सुकाणू पाण्यात नीट बुडत नाही आणि बोट आडवी फिरते. स्पॉयलर त्या वाऱ्याचा प्रवाह मोडतो, कधी त्याला वर वळवतो, आणि गाडीची मागची बाजू खाली धरून ठेवतो.

हे केवळ पुस्तकी नाही. १९९८ साली ऑडी कंपनीची टीटी नावाची देखणी, गोलसर पाठीची गाडी बाजारात आली. जर्मनीतल्या वेगवान रस्त्यांवर, भर वेगात दिशा बदलताना तिचा मागचा भाग सुटून अपघात झाले, काहींचे प्राण गेले. अखेर २००० सालाच्या सुमारास कंपनीने विकलेल्या गाड्या परत बोलावून त्यांना मागे छोटा स्पॉयलर, सुधारलेले सस्पेन्शन आणि गाडी घसरू न देणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा बसवून दिली. म्हणजे बोटभर उंचीची ती पट्टी शोभेची नव्हती.

मग तो पंख कायमचाच का बसवू नये? इथे माझी बँकेतली नोकरी कामी येते. कायम उभा असलेला पंख वाऱ्याला सतत अडवतो, म्हणजे इंधन खातो. गरज असो वा नसो, पूर्ण कर्ज उचलून त्यावर व्याज भरत बसण्यासारखे हे झाले. उठणारा-बसणारा स्पॉयलर म्हणजे कॅश क्रेडिट खाते. लागेल तेव्हा लागेल तेवढे उचलायचे, व्याज तेवढ्यापुरतेच. पोर्शे कंपनीने १९८८ साली आपल्या ९११ या गाडीच्या नव्या अवतारात असा स्पॉयलर दिला. ताशी ८० कि.मी.ला तो उठे आणि गाडी थांबत आली की आपोआप मिटे. पुढे संगणक आले. आता काही गाड्यांमध्ये वेग, स्टिअरिंगचा कोन, ब्रेकवरचा दाब हे सारे बघून पंखाचा कोन ठरतो. २००५ साली आलेल्या बुगाटी व्हेरॉनमध्ये तर जोरात ब्रेक मारला की मागचा पंख उभा राहून वाऱ्यालाच ब्रेक बनवतो.

शर्यतीच्या जगाला ही कल्पना त्याआधीपासून ठाऊक होती. १९६६ साली अमेरिकेत जिम हॉल यांनी आपल्या चॅपरल गाडीला उंच खांबांवर पंख लावला आणि त्याचा कोन बदलायला चालकाच्या पायाशी पेडल दिले. पण १९६९ साली बार्सिलोनाच्या शर्यतीत लोटसच्या दोन्ही गाड्यांचे उंच पंख मोडून भीषण अपघात झाले, आणि फॉर्म्युला वनने उंच व हलत्या पंखांवर बंदी घातली. पंखावर भिस्त ठेवून वेग घेतला आणि ऐन वेळी पंखानेच दगा दिला.

आता उरलेला अर्धा भाग. वाऱ्याचे बळ वेगाच्या वर्गाने वाढते. समजा, एखाद्या गाडीचा मागचा भार ताशी ८० कि.मी.ला वाऱ्यामुळे ६ किलोने हलका होतो. तर १६०ला तो २४ किलोने आणि २४०ला ५४ किलोने हलका होईल. म्हणजे ८०च्या वेगात स्पॉयलरची कामगिरी भाजीच्या एका पिशवीएवढी. मुंबईच्या किनारी रस्त्यावर सरळ भागात मर्यादा ८०, बोगद्यात ६०. अटल सेतूवर १००. समृद्धी महामार्गावर १२०. स्पॉयलरचे खरे मोल सुरू होते ते साधारण या मर्यादा संपतात तिथून. १९८८च्याच फोक्सवॅगन कोराडो गाडीची गोष्ट बोलकी आहे. युरोपात तिचा स्पॉयलर ताशी १२० कि.मी.ला उठे, अमेरिकेत मात्र ७२च्या आसपास. तिथली वेगमर्यादा कमी होती. १२०ची वाट पाहिली असती तर गिऱ्हाईकाला तो कायदा पाळून कधी दिसलाच नसता. भौतिकशास्त्र दोन्ही देशांत सारखेच होते, फरक फक्त हौसेचा.

याहून महत्त्वाचा हिशेब दुसऱ्या वहीत आहे. थांबायचे अंतरही वेगाच्या वर्गानेच वाढते. कोरड्या रस्त्यावर उत्तम ब्रेकने ८०च्या वेगातली गाडी सुमारे ३० मीटरमध्ये थांबत असेल, तर १६०ला तिला सुमारे १२० मीटर लागतील. त्याआधी, ब्रेकवर पाय पडेपर्यंतच्या एका सेकंदात ती ४४ मीटर पुढे गेलेली असेल. त्या सेकंदासाठी जगातल्या कुठल्याही स्पॉयलरकडे उपाय नाही. समुद्रावरून येणाऱ्या आडव्या वाऱ्यावर त्याचा उपयोग थोडाच, आणि रस्त्यावरचा खड्डा, कुत्रा किंवा चेंडूमागे धावणारे पोर त्याला दिसत नाही. तो गाडी स्थिर ठेवतो, आणि धोका नेमका तिथेच आहे. जुनी गाडी शंभरला थरथरायची, तिची थरथर हीच सूचना असायची. नवी गाडी दीडशेलाही शांत असते आणि आतल्या माणसाला वेग कळतच नाही. बँकेत आम्ही म्हणत असू, तारण भक्कम आहे म्हणून कर्ज फिटते असे नाही.

१९ मे २०२४ रोजी मध्यरात्रीनंतर पुण्यात कल्याणीनगरला पोर्शे टायकनच्या धडकेत मोटारसायकलवरचे दोन तरुण अभियंते गेले. गाडी अल्पवयीन मुलगा चालवत होता असा आरोप आहे. दोष ठरवणे न्यायालयाचे काम. पण टायकनला वेगानुसार हलणारा मागचा स्पॉयलर असतो, आणि कोटीच्या घरातल्या त्या गाडीची कायमची नोंदणी १,७५८ रुपये शुल्क न भरल्याने रखडली होती, हे तेव्हा साऱ्या महाराष्ट्राने वाचले. यंत्रात सर्व काही होते. जे नव्हते ते यंत्राच्या बाहेर होते. आणि हा प्रश्न एका शहराचा नाही. २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. सरकारी अहवालानुसार त्यांतल्या सुमारे ७१ टक्के मृत्यूंमागे अतिवेग होता.

आम्हा उत्तनकरांना हा विषय आता परका राहिलेला नाही. उत्तन ते विरार सागरी सेतूची आखणी झाली आहे. जोडरस्ते धरून लांबी सुमारे ५५ कि.मी. मासेमारीचे काय होणार, म्हणून मच्छीमारांनी त्याला विरोध केला आहे, आणि तो प्रश्न स्वतंत्र आणि मोठा आहे. पण सेतू झालाच तर तो सरळ, मोकळा, वाऱ्याच्या तोंडावरचा रस्ता असेल. वेगाचे कॅमेरे, दंडाची वसुली आणि आडव्या वाऱ्याची सूचना यांचा विचार पहिला खांब उभा राहण्यापूर्वी व्हायला हवा. ज्यांना वेगाची खरी हौस आहे त्यांच्यासाठी रस्ता नव्हे, धावपट्टी असते. मध्य प्रदेशात पिथमपूरला २०२१ साली ११.३ कि.मी.ची अशी चाचणी पट्टी सुरू झाली. स्पॉयलर तिथे आपले काम दाखवतो, आणि समोरून कोणी शाळकरी मूल येत नाही.

वाचकहो, आपल्यापैकी बहुतेकांच्या दारात अशी गाडी येणार नाही. पण साध्या गाडीला कुठल्या तरी दुकानातून आणलेला पंख चिकटवणारी मुले घराघरांत आहेत. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या छोट्या गाडीला तो पंख शहरातल्या वेगात वजनापलीकडे काहीही देत नाही. त्यांना रागावू नका. जेवायला बसल्यावर ८०चे १६० झाले की ३० मीटरचे किती होतात, एवढेच विचारा. गणित त्यांनाच करू द्या. उत्तर आल्यावर मग किल्लीचे बोला.