पाऊस मोजतो, माती कधी मोजणार?

मार्चमध्ये एखाद्या दुपारी आमच्या डॅलसचं आकाश तांबूस होतं आणि गाडीच्या काचेवर बारीक धूळ बसते. पश्चिम टेक्सासच्या शेतांमधली ही माती शेकडो किलोमीटर उडून आलेली असते. यंदा ती पुसतानाच गावी, माण तालुक्यात, अण्णांना फोन लावला. ते म्हणाले, "पाऊस खालच्या रानावर नि आपल्यावर सारखाच पडला. त्यांची ज्वारी तगली, आपली करपली. आपल्याला वीतभर माती, खाली मुरूम. पाणी ऱ्हाणार कुठं?"

वाळवंटीकरणाचं अर्धं गणित या उत्तरात आहे. पाऊस किती पडला याइतकंच तो जमिनीत किती टिकला हे महत्त्वाचं, आणि ते ठरतं मातीच्या खोलीवर, पोतावर आणि सेंद्रिय अंशावर. बारीक वाळूची सुटी माती वारा उचलतो. उतारावरची उथळ माती पाण्याबरोबर जाते. सेंद्रिय अंश संपला की ढेकूळ बांधलं जात नाही आणि दोन्ही नुकसानं वाढतात.

टेक्सासने हे सोसलंय. इथली गवताळ रानं नांगरून गहू पेरला, १९३०च्या दशकात दुष्काळ पडला आणि मातीच उडाली. १४ एप्रिल १९३५ चं वादळ तर 'काळा रविवार' म्हणून ओळखलं जातं. त्यानंतर दोन आठवड्यांच्या आत अमेरिकेने मृदसंधारणाचा कायदा केला.

आपल्याकडे? इस्रोच्या नकाशासंग्रहानुसार २०१८-१९ मध्ये देशातली ९.७८ कोटी हेक्टर, म्हणजे जवळपास ३० टक्के जमीन निकृष्ट झालेली होती. २०३० पर्यंत २.६ कोटी हेक्टर सुधारण्याचं उद्दिष्ट भारताने २०१९ मध्ये जाहीर केलं. पण कुठल्या शेताला धोका जास्त, हे शेतकऱ्याला कोण सांगणार?

२०१५ पासून मृदा आरोग्य पत्रिका मिळते. तिच्यात नत्र, स्फुरद, पालाशपासून सामू आणि सेंद्रिय कर्बापर्यंत १२ घटक असतात. कर्ब आहे, हे चांगलंच. पण मातीची खोली आणि पोत त्या १२ मध्ये नाहीत. खत किती घालायचं ते पत्रिका सांगते. ते घालायला माती किती वर्षं उरेल, ते नाही.

मी सॉफ्टवेअरवाला. चुकीचा डेटा गोळा केला की उत्तर चुकतं, एवढं मला नक्की कळतं. इथे दोन रकाने वाढवायला फार खर्च नाही. खोली कुदळीने कळते, पोताचा अंदाज ओल्या मातीची बोटांनी वळी करून येतो. मग बांधबंदिस्ती आधी कुठे, धरणातला गाळ कुठे टाकायचा आणि कुठे नांगर न घालता गवत राखायचं, हे गावालाच ठरवता येईल.

डिसेंबरात गावी येतोय. पत्रिकेत रकाने येतील तेव्हा येतील. अण्णांबरोबर आमच्या रानात चार खड्डे घेऊन मोजायला कुणाच्या परवानगीची गरज नाही.