फळीवरचा कुलाबा

मैत्रिणींनो, दिवाळीच्या फराळाची यादी कराल तेव्हा खाली आणखी एक ओळ लिहून ठेवा: मुलांचा किल्ला. हल्ली किल्ल्यांच्या स्पर्धा असतात. कुठे परीक्षक घरी येतात, तर कुठे किल्ला फळीवर करून न्यायचा असतो. आणि बक्षीस म्हटलं की आपल्याला राहवत नाही, हे मी स्वतःवरूनच सांगते.

मागच्या वर्षी लेकाने केलेला तट मला ओबडधोबड वाटला. मुलं झोपल्यावर मी ओला हात फिरवून तो छान गुळगुळीत केला. दुसरा नंबर आला! पण परीक्षकांनी "तट असा का केलास रे?" म्हणून विचारलं, तेव्हा पोरगं माझ्याकडे बघायला लागलं. घरी येऊन त्याने प्रशस्तिपत्र कपाटावर पालथं टाकलं. मी शाळेत शिकवते. पालथ्या कागदाचा अर्थ मला कळतो.

म्हणून यंदा आधी खरा किल्ला पाहायचं ठरवलं. अलिबागचा कुलाबा आमच्या डोळ्यांसमोरच आहे, पण नीट पाहिला होता कुणी? ओहोटीला चालत गेलो. (जाणार असाल तर किनाऱ्यावर भरतीची वेळ विचारून घ्या, आणि पाणी चढायच्या आत परत फिरा. मुलं बरोबर असताना 'आणखी पाच मिनिटं' नको.)

शिवाजी महाराजांनी १६८० साली या किल्ल्याचं काम सुरू केलं, संभाजी महाराजांनी पुढच्या वर्षी ते पुरं केलं. तटाचे मोठमोठे दगड चुन्याने सांधलेले नाहीत, नुसते एकावर एक रचलेत. लाटेचं पाणी फटींत शिरतं आणि तिचा जोर मोडतो. म्हणजे मी रात्री जागून जो तट लिंपला, तो मुळात चुकीचाच होता! लेक काही बोलला नाही. नुसता हसला.

आता मापाचं. किल्ला सुमारे ९०० फूट लांब, ३५० फूट रुंद, तट सरासरी २५ फूट उंच. १ इंच म्हणजे २५ फूट धरलं, की लांबी ३६ इंच, रुंदी १४ इंच आणि तट १ इंच. पाढे येणाऱ्या मुलाला हे सहज जमतं. मग बाजारातला तीन इंची मावळा किती उंच होईल? ७५ फूट! तटाच्या तिप्पट! धाकटीने डबा उघडून तांदळाचा दाणा पट्टीवर ठेवला. झाला आमचा मावळा. महाराजांची मूर्ती मात्र किल्ल्याशेजारी पाटावर मांडली. महाराजांना माप कसलं लावायचं!

फळी चांगली जाड घ्या, नाहीतर उचलताना वाकते आणि तटाला तडे जातात. माती चाळून, थोडा भुसा घालून मळा आणि सावलीत वाळवा. नेताना वाटीभर ओली माती आणि जुना ब्रश पिशवीत असू द्या. सतरा बुरूज मुलांनाच मोजून करू द्या. आणि तुमचे हात? ते चकल्यांत गुंतवा. मी तेच केलं. एक बुरूज कलला होता, हात शिवशिवत होते, पण उठले नाही.

स्पर्धेच्या दिवशी शेजारी थर्माकोलचे, रंगीत दिव्यांचे किल्ले होते. आमचा मातकट. परीक्षक वाकून म्हणाले, "फटी राहिल्यात की रे!" झालं! लेकाने लाट कशी येते, पाणी कुठे शिरतं, सगळं हातवारे करून सांगितलं. धाकटी दाणे दाखवत होती. एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही दोघांनी.

नंबर आला नाही. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? मुलंही थोडी हिरमुसली. मग जाऊन बाकीचे किल्ले पाहू लागली, आणि कुणाचा मावळा किती फुटी, ते मोजू लागली.

सहभागाचं प्रशस्तिपत्र मात्र या वेळी भिंतीवर लागलंय. खिळा त्यानेच ठोकला. वाकडा आहे. असू दे.