धंद्याचा रकाना

माणसाने मराठी घेऊन एम. ए. व्हावे आणि जन्मभर शेजाऱ्यापाजाऱ्यांचे अर्ज लिहून द्यावेत, असे विधिलिखितच असावे. कॉलेजात मला कोणी ओळखो न ओळखो, आमच्या आळीत माझी ख्याती आहे ती 'अर्जवाले सर' म्हणून. त्या ख्यातीला गालबोट लागले, त्याची ही हकिकत. स्वतःच्या भाषेचा अभिमान असलेल्या वाचकांनी ती अवश्य वाचावी.

आमच्या घरचे पुस्तकांचे कपाट ज्यांनी केले, ते सुतारमामा फर्निचरच्या एका लहानशा कारखान्यात कामाला होते. 2025 च्या जुलैत करवतीच्या यंत्रात त्यांच्या उजव्या हाताची चारही बोटे गेली. अंगठा तेवढा राहिला. महिन्याभराने हाताला फडके गुंडाळून ते दारात उभे राहिले. "सर, भरपाईचा अर्ज लिहून देता का?"

दिला की! भाषा अशी, की दगडालाही पाझर फुटावा. वयाच्या रकान्यात आधारकार्डावर पाहून 60 घातले. धंद्याच्या रकान्याशी मामा म्हणाले, "सुतार." मी मात्र लिहिले, 'खाजगी नोकरी'. ते मला जरा भारदस्त वाटले!

अर्ज घेऊन आम्ही वकीलबाईंकडे गेलो. त्यांनी तो वाचला आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले.

"सर, भाषा सुरेख आहे. फक्त दोन रकान्यांत तुम्ही मामांचे लाखो रुपये बुडवलेत."

मग त्यांनी माझी शिकवणीच घेतली. अपघाताच्या वेळी लागू होता तो 1923 चा कामगार भरपाईचा कायदा. त्याच्या एका परिशिष्टात अवयवांचे भावच लावलेले आहेत म्हणा ना! एका हाताची चारही बोटे गेली, की कमाईची शक्ती 50 टक्के गेली. दुसऱ्या परिशिष्टात वयाचे आकडे. सोळाव्या वर्षापर्यंत 228.54; मग उतरत उतरत पासष्टीला 99.37. वय वाढले, की कमाईची वर्षे कमी उरली, असा त्यातला विचार. पूर्ण अपंगत्व असेल तर पगाराच्या 60 टक्क्यांना त्या आकड्याने गुणायचे. पगार मात्र महिना 15,000 रुपयांच्या वर धरायचा नाही. मामांचा पगार त्याहून थोडा जास्त. म्हणजे हिशेब 9,000 रुपयांवर.

आता वय. साठाव्या वर्षाचा आकडा 117.41, त्रेपन्नाव्या वर्षाचा 142.68. मामा म्हणाले, "माझा जन्म बाहत्तरच्या दुष्काळातला." आधारकार्डावर कोणीतरी अंदाजाने 1 जानेवारी 1965 ठोकून दिले होते. गावच्या शाळेचा दाखला आणवला, तर जून 1972! पूर्ण अपंगत्वाच्या हिशेबात फरक 2,27,430 रुपयांचा.

"आणि धंद्याचा रकाना?" मी चाचरत विचारले.

तिथे बाईंचा आवाज चढला. अपघाताच्या वेळी माणूस जी जी कामे करू शकत होता, ती सगळी करण्यास तो असमर्थ झाला, तर कायदा त्याला पूर्ण अपंगत्व म्हणतो. 1975 साली सर्वोच्च न्यायालयापुढे असाच एक सुतार होता. त्याचा डावा हात कोपराच्या वर कापावा लागला होता. सुतारकाम एका हाताने होत नाही, म्हणून न्यायालयाने अपंगत्व पूर्ण, शंभर टक्के मानले. मोटार अपघातांच्या भरपाईबाबत 2010 साली त्याच न्यायालयाने सांगितले, की हात गेलेल्या सुताराची किंवा ड्रायव्हरची जवळजवळ सारी कमाई जाईल. सरकारी कारकुनाची नोकरी कदाचित टिकेल. "निकाल काय लागेल ते न्यायाधीश ठरवतील," बाई म्हणाल्या, "पण 'खाजगी नोकरी' पाहून ते कशाची कल्पना करणार?"

अर्धे की पूर्ण, यात मामांच्या वयाला फरक पडतो 6,42,060 रुपयांचा. आणि मी 'सुतार' हा तीन अक्षरी शब्द गाळला होता.

अमेरिकेतल्या माझ्या मेहुण्याला फोनवर हे सांगितले, तर तो म्हणाला, "आमच्याकडे वयाचे उलटे आहे." तिथल्या सामाजिक सुरक्षा खात्यात 1979 पासून वय, शिक्षण आणि पूर्वीचे काम यांचा तक्ता वापरतात. जन्मभर अंगमेहनत केलेला, फारसा न शिकलेला माणूस आता फक्त बसून करायची कामेच करू शकत असेल, तर पन्नाशीनंतर त्याला सहसा अपंग धरतात. पंचेचाळिशीत तोच माणूस लिहितावाचता असला, तर त्याला दुसरे काम शोधायला सांगतात. एक कायदा उरलेली वर्षे मोजतो. दुसरा विचारतो, या वयात नवे काम जमेल का? मला दोन्ही प्रश्न खरे वाटतात. पण मामांची झोप उडवली आहे ती दुसऱ्याने.

त्या रात्री मी माझ्या उजव्या हाताकडे पाहत बसलो. याची चार बोटे गेली असती तर? फळ्यावरचे अक्षर बिघडले असते. पगार मात्र एक तारखेला आला असता. बोटे तीच, चार. पण मामांच्या चार बोटांवर त्यांचे घर उभे होते.

नवा अर्ज मी साध्या मराठीत लिहिला. मामांना वाचून दाखवला. धंद्याच्या रकान्याशी त्यांनी मला थांबवले.

"पुन्हा वाचा, सर."

"सुतार."

"हां," ते म्हणाले, आणि डाव्या हाताने, एकेक अक्षर जुळवीत, त्यांनी सही केली.