शब्द एकटा पाठ करू नका

दहावीच्या मुलांच्या इंग्रजीच्या वह्या तपासायला घेतल्या की एक गोष्ट दर वर्षी तशीच दिसते. स्पेलिंग बरोबर असतं, काळ बरोबर असतो आणि तरीही वाक्य अडखळतं. अडखळायची जागाही ठरलेली असते: नाम आणि त्याला चिकटून येणारा छोटा शब्द. ‘फॉर’ हवा तिथे ‘टू’ येतो, ‘टू’ हवा तिथे ‘ऑफ’. धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातली ही मुलं मेहनती आहेत, शेतातलं काम उरकून अभ्यासाला बसणारी आहेत. दोष आपल्या शिकवण्यात आहे आणि तो दूर करता येण्यासारखा आहे, हे मला आज सांगायचं आहे.

एका मुलाने शेतकऱ्यांवर निबंध लिहिला होता. विषय त्याच्या घरचाच. कांद्याला मागणी नाही, शेतकऱ्यांनी कर्जमाफीची मागणी केली, अवकाळी पावसाने पिकांचं नुकसान झालं, भावात घसरण झाली. इंग्रजीत त्याने लिहिलं: ‘डिमांड टू ऑनियन’, ‘डिमांड ऑफ लोन वेव्हर’, ‘डॅमेज ऑफ क्रॉप्स’, ‘फॉल इन प्राइस’. चारही ठिकाणी त्याने मराठीचा प्रत्यय प्रामाणिकपणे इंग्रजीत नेला. ‘ला’चं ‘टू’ केलं, ‘ची’ आणि ‘चं’चं ‘ऑफ’ केलं, ‘त’चं ‘इन’ केलं. चौथं बरोबर आलं, कारण तिथे दोन्ही भाषांची वाट एकच आहे. पहिली तीन चुकली.

‘मागणी’चं उदाहरण तर मुद्दाम फळ्यावर लिहावं असं आहे. मराठीत ‘कांद्याला मागणी’ म्हणजे खप आणि ‘कर्जमाफीची मागणी’ म्हणजे आग्रहाने मागणं. प्रत्यय बदलला की अर्थ बदलतो. इंग्रजीत दोन्हीकडे ‘डिमांड फॉर’. ‘ऑफ’ येतो तो मागणाऱ्यासाठी: ‘डिमांड्स ऑफ द फार्मर्स’, म्हणजे शेतकऱ्यांच्या मागण्या. आणि नुकसान पिकांचं असलं तरी इंग्रजीत ते ‘डॅमेज टू क्रॉप्स’. ‘कारण’ या एका शब्दासाठी इंग्रजीत ‘रीझन’ आणि ‘कॉज’ असे दोन शब्द आहेत. ‘रीझन’ला ‘फॉर’ लागतो, ‘कॉज’ला ‘ऑफ’. अर्थ पाठ असलेला मुलगा इथे हमखास अडतो, कारण त्याच्या वहीत दोन्हींपुढे ‘कारण’ एवढंच लिहिलेलं असतं.

आणखी एक गोष्ट वर्गात क्वचितच सांगितली जाते. तोच शब्द क्रियापद म्हणून आला तर पुष्कळदा एकटा चालतो आणि नाम म्हणून आला की त्याला सोबत लागते. ‘डिस्कस द प्रॉब्लेम’ म्हणताना मध्ये काहीच नको, पण ‘डिस्कशन’नंतर ‘अबाउट’ किंवा ‘ऑन’ हवा. ‘आन्सर द क्वेश्चन’ सरळ जातं, पण नाम असेल तर ‘आन्सर टू द क्वेश्चन’. शिकलेली माणसंही ‘डिस्कस अबाउट’ म्हणतात ते यामुळेच. नामाची सवय क्रियापदाला लागते.

विशेषणांचंही तसंच. आपल्याकडे चहा कडक, शिस्त कडक, इशारा कडक आणि बंदोबस्तही कडक. इंग्रजीत चहा ‘स्ट्राँग’, शिस्त ‘स्ट्रिक्ट’, इशारा ‘स्टर्न’ आणि बंदोबस्त ‘टाइट’. उलट इंग्रजीच्या एका ‘हेवी’साठी आपण पाऊस मुसळधार म्हणतो, सुरत महामार्गावरची वाहतूक प्रचंड म्हणतो आणि अंतःकरण जड म्हणतो. इथे तर्क चालत नाही, वहिवाट चालते. झोप गाढ, शत्रू कट्टर, मित्र जिवलग, काळोख मिट्ट. हे आपल्याला कुणी नियम सांगून शिकवलं नाही. जोडीनेच कानावर पडलं, म्हणून जोडीनेच तोंडात बसलं.

आमच्या मुलांना ही गोष्ट इतरांपेक्षा लवकर कळायला हवी, असं मला वाटतं. त्यांच्यापैकी कितीतरी जणांच्या घरात अहिराणी बोलली जाते, तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यात आदिवासींची कोकणी आणि भिल्ली. घरी ‘माले’ म्हणणारं पोर पहिलीत ‘मला’ म्हणायला शिकतं, ‘घरमा’चं ‘घरात’ करतं, ‘गावना’चं ‘गावाचा’ करतं. शब्द ओळखीचाच असतो, त्याची शेपटी तेवढी बदलते, हे सातव्या वर्षीच त्याने अनुभवलेलं असतं. ग्रियर्सन यांच्या भारतातल्या भाषांच्या सर्वेक्षणाच्या १९०७च्या खंडात खानदेशीला, म्हणजे आपल्या अहिराणीला, भिल्ली भाषांशेजारी स्वतंत्र जागा मिळाली. आपण मात्र वर्गात तिला चूक समजून गप्प करतो. हीच अहिराणी इंग्रजी शिकवताना हाताशी घेतली, तर ‘प्रेपोझिशन’चा धडा पोरांना परका वाटणार नाही.

महाराष्ट्रात २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासून आली. त्याआधी ती पाचवीत सुरू व्हायची. वर्षं वाढली, पण शब्दार्थांची वही तीच राहिली: डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे मराठी अर्थ. जगाने ही पद्धत केव्हाच मागे टाकली. इंग्रजी अध्यापनाचे अभ्यासक हॅरोल्ड पामर यांनी १९३३ साली टोकियोत इंग्रजीतल्या अशा ठरलेल्या शब्दजोड्यांवर अहवाल काढला. त्यांचेच सहकारी ए. एस. हॉर्नबी यांनी जपानी विद्यार्थ्यांना शिकवता शिकवता जो शब्दकोश तयार केला, तो १९४२ साली जपानमध्ये निघाला आणि १९४८ साली ऑक्सफर्डने छापला. आज आपल्या शाळांच्या कपाटात असलेला विद्यार्थ्यांसाठीचा जाडजूड ऑक्सफर्ड कोश त्याचाच वारस. त्यात ‘डिमांड’ उघडून पाहा. अर्थाच्या आधी कंसात ‘फॉर’ दिलेला सापडेल. लाहोरला नऊ वर्षं इंग्रजी शिकवलेले जे. आर. फर्थ पुढे लंडनला भाषाशास्त्राचे प्राध्यापक झाले. शब्दाची ओळख त्याच्या सोबत्यांवरून पटते, असं त्यांनी १९५७ साली मांडलं.

म्हणून माझी इंग्रजीच्या शिक्षकांना आणि पालकांनाही कळकळीची विनंती आहे. येत्या जूनमध्ये मुलांच्या वहीत दोनाऐवजी तीन रकाने आखून घ्या. पहिल्यात शब्द, दुसऱ्यात अर्थ आणि तिसऱ्यात त्याचा सोबती, एका छोट्या वाक्यासकट. ‘इंटरेस्ट’ एकटा लिहू नका, ‘इंटरेस्ट इन फार्मिंग’ लिहा. ‘शॉर्टेज’ लिहाल तर ‘शॉर्टेज ऑफ वॉटर’ लिहा. वाक्यं गावातली घ्या, बाजार समितीतली घ्या, पवनचक्क्यांची घ्या. रोज पाच शब्द झाले तरी पुरे. याला खासगी क्लास लागत नाही, महागडं ॲप लागत नाही. एक पट्टी, एक पेन आणि शाळेच्या कपाटातला शब्दकोश एवढं पुरतं. तो कोश कुलपात असेल, तर आधी तो बाहेर काढा.