तपाची वही आहे, रक्ताची का नाही?



दशलक्षण पर्व जवळ आलं की आमच्या मंडळात वही निघते. कुणाचे दहा उपवास, कुणाचं एकासन, कुणी कोणत्या रसाचा त्याग केला, सगळं नावानिशी लिहिलं जातं. ती वही हवीच. पण कोणत्या बाईच्या रक्तात काय कमी आहे, याची वही कुणाच्याच घरी नाही, आणि माझं भांडण त्याबद्दल आहे.

हे बोललं की ठरलेलं उत्तर येतं, "आपला आहार इतका शुद्ध, आपल्याला कसली कमतरता?" मीही हेच म्हणायची. मग तळपायाला मुंग्या येऊ लागल्या, जिना उतरताना तोल जाऊ लागला. वय झालं म्हणत दोन वर्षं काढली. शेवटी सुनेने धरून नेलं, तेव्हा बी-१२ निघालं १४०. साधारण २०० च्या खाली कमतरता धरतात. हिमोग्लोबिन मात्र चांगलं होतं, म्हणून आधी कुणाला शंकाच आली नाही. डाळी आणि पालेभाज्यांतून फोलेट भरपूर मिळत असेल तर बी-१२ कमी असूनही हिमोग्लोबिन ठीक दिसू शकतं, आणि तोवर नसा खराब होत राहतात. म्हणून "माझं एचबी बारा आहे" एवढ्यावर निश्चिंत राहू नका.

ही माझ्या एकटीची गोष्ट नाही. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खेडं, झोपडपट्टी आणि शहरी मध्यमवर्गातले ४४१ मध्यमवयीन पुरुष तपासले. २००६ साली निष्कर्ष छापून आले. ६७ टक्के लोकांत बी-१२ कमी होतं, आणि शाकाहारी लोकांत धोका कितीतरी जास्त. पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या गरोदर बायकांचाही त्यांनी अभ्यास केला. तिथेही तिघींतल्या दोघींत ते कमी होतं. आईतच नसेल तर अंगावर पिणाऱ्या बाळाला कुठून मिळणार?

२०१६ ते २०१८ मध्ये देशभरातल्या मुलांचं सर्वंकष पोषण सर्वेक्षण झालं. त्यात बी-१२ ची कमतरता १ ते ४ वर्षांच्या मुलांत १४ टक्के, ५ ते ९ मध्ये १७ टक्के आणि १० ते १९ मध्ये ३१ टक्के आढळली. वय वाढतं तशी कमतरता वाढते. आणि एकोणिसाच्या पुढे? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, २०१९ ते २०२१ मध्ये, महाराष्ट्रातल्या ५४ टक्के बायकांत रक्तक्षय सापडला. पण या बायका १५ ते ४९ वयाच्या. रक्तदाब आणि साखर मोठ्या वयाच्या बायकांचीही मोजली, हिमोग्लोबिनसाठी मात्र एकोणपन्नासला रेघ. मूल होण्याचं वय संपलं की बाईच्या रक्ताची किंमत संपते का? हा प्रश्न सरकारला विचारायलाच हवा. पण आपल्या घरात ती रेघ कोणी ओढली?

कुणी म्हणेल, घरात रोज दोन लिटर दूध येतं, मग चिंता कसली? मी बीकॉम झालेली बाई. आवक म्हणजे शिल्लक नव्हे, एवढं मला कळतं. दोन लिटर घरात आलं, पण कुणाच्या पेल्यात किती गेलं? नातवाला पेलाभर, मुलाला दही, आजीला चहापुरतं. मोठ्या माणसाला दिवसाला सुमारे २ मायक्रोग्रॅम बी-१२ लागतं, आणि २०० मिलीलीटर दुधात १ मायक्रोग्रॅमच्या आतबाहेरच असतं. त्यातही उतारवयात पोटातलं आम्ल कमी होतं, मधुमेहाची मेटफॉर्मिन आणि ॲसिडिटीच्या रोजच्या गोळ्यांनीही बी-१२ कमी शोषलं जातं. सासू-सुनेने सारखंच दूध घेतलं तरी दोघींच्या रक्तातला आकडा वेगळा निघेल. म्हणून ताटही मोजायचं आणि रक्तही, प्रत्येकीचं आपापल्या वयाप्रमाणे.

आणि जिने दुधा-दह्याचा आजन्म त्याग केला, तिची आवकच बंद. यकृतातला साठा काही वर्षं पुरतो, म्हणून लगेच काही जाणवत नाही. हे भांडवल मोडून खाणं आहे. दुकान चालू दिसतं, आणि एक दिवस कुलूप लागतं.

यावर "अंडी खा" सांगणाऱ्यांनाही माझं उत्तर आहे. बी-१२ मुळात जिवाणू तयार करतात, आणि गोळीतलं बी-१२ ही त्यांच्याकडूनच बनवून घेतात. अंड्याला हात लावायची गरज नाही. डॉक्टरांना विचारून गोळी किंवा इंजेक्शन घ्या. औषधाच्या दुकानात जिलेटिनची कॅप्सूल नको, साधी गोळी द्या म्हणा, कारण जिलेटिन प्राण्यांपासून बनतं.

"तपासत बसणं म्हणजे श्रद्धा कमी," असंही एका बाईंनी मला सुनावलं. सोळा कारण भावनांमध्ये त्याग आणि तप दोन्ही शक्तीनुसार सांगितले आहेत, आपण दरवर्षी त्यांची पूजा करतो. मग शक्ती किती आहे हे पाहायचंच नाही का? न मोजता केलेल्या तपाने कुणी पडली, तर पारण्याला आलेली माणसं दवाखान्याच्या बाकावर बसतात.

माझं मागणं साधं आहे. यंदा प्रभावनेला स्टीलचे डबे वाटू नका. त्या पैशांत चातुर्मासाआधी मंडळातल्या सगळ्याजणींचं हिमोग्लोबिन, बी-१२ आणि ड जीवनसत्त्व तपासून घ्या, शाळेतल्या मुलीपासून ऐंशीच्या आजीपर्यंत. आकडा कमी निघाला तर आधी उपचार, मग व्रत.

आमच्या अर्धापुरात केळीचं पान पिवळं पडलं की शेतकरी माती तपासायला पाठवतो. बागेचं वय झालं म्हणून तो गप्प बसत नाही. आईच्या पायाला मुंग्या आल्या की मात्र आपण म्हणतो, वय झालं.